सव्वा महिन्यातलं पुस्तक

दापोरा
२२ मार्च २०२५

हिमानीताई,

पत्राच्या वर श्री लिहायचं की नाही ते कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही. तुम्ही माझा फोन घेत नाही. मेसेज वाचता, ते मला दिसतं. तुमच्या यजमानांना, निरंजनरावांना मधे घालणं बरं वाटत नाही. म्हणून पत्र. नेपानगरला टपाल दोन-तीन दिवसांत पोचतं असं पोस्टात सांगितलं.

आईंची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, रोज तेल लावते. शेत गावातल्या कौतिकभाऊंना बटाईने, निम्म्या वाट्यावर दिलं आहे. दुखवट्याचा सव्वा महिना झाल्यावर मी केळीच्या रोपवाटिकेत पुन्हा कामाला जाऊ लागले. आईच म्हणाल्या, "घरात बसून काय भिंती मोजशील?" तुमच्या कानावर आलं असेलच, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

तुमचा भाऊ जाऊन सात आठवडे झाले. त्यानंतर आठव्या दिवशी जे झालं त्याबद्दल तुम्ही आणि मी काहीच बोललो नाही. बोलणं मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दुपारी फोपनारच्या बाया भेटायला आल्या. तुम्ही त्यांना आत आणलंत. मी कोपऱ्यात तोंडावर पदर घेऊन बसले होते आणि माझे खांदे हलत होते. ते पाहून बायांनी दारातूनच गळा काढला. आठ दिवस तुम्ही सगळ्यांना सांगत होता, वहिनीच्या डोळ्यात टिपूस नाही, हिला कोणीतरी रडवा, नाहीतर हिला काहीतरी होईल. तुम्ही धावत आलात आणि माझ्या गळ्यात पडलात. "रडा वहिनी, मोकळं रडा," म्हणालात आणि स्वतः इतक्या रडलात की माझा खांदा भिजला. एक म्हातारी म्हणाली, "आता सुटली बाई, आता हलकी होईल."

मग माझ्या मांडीवरून पुस्तक खाली पडलं. गुलाबी रंगाचं, वर एक मुलगा, एक मुलगी आणि मधे म्हैस.

तुम्ही पुस्तक पाहिलं आणि माझं तोंड पाहिलं. बायांना दिसू नये म्हणून तुम्हीच ते गोधडीखाली सरकवलंत. ते मी विसरलेले नाही.

सुतक फिटलं त्या गंधमुक्तीच्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. निघताना ओट्यावरून म्हणालात, "माझा भाऊ गेला अन् तुम्हाले हसू येतं. या घरचं पाणी मी आता पिणार नाही." ते आईंनी ऐकलं.

मी हसत होते. रडत होते असं सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित मानलंही असतं. पण ते खरं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ३० तारखेला अक्षय्य तृतीया आहे, आपली आखाजी. तुमच्या भावाच्या नावाने पाण्याची पहिली घागर भरायची. आखाजीला लेकी माहेरी येतात म्हणून आई दिवस मोजतात. त्या म्हणतात, "हिमानी आल्याशिवाय मी घागर भरू देणार नाही." हे कळवणं माझं काम होतं.

तृप्ती


दापोरा
३ एप्रिल २०२५

हिमानीताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

तुम्हाला वाटत असेल की ते पुस्तक मी मुद्दाम मागवलं. तसं नाही. माझ्याबरोबर रोपवाटिकेत भारती आहे. मूळची भुसावळची. पाचव्या दिवशी ती भेटायला आली तेव्हा सफरचंदाच्या पिशवीत तळाला तिने ते ठेवलं होतं. जाताना कानात म्हणाली, "मन लागलं नाही तर चाळ. नाही वाचलं तरी चालेल." कॉलेज सुटल्यापासून मी पुस्तक हातात धरलेलं नाही. बी.एस्सी.ची पुस्तकं सोडली तर त्याआधीही फारसं नाही.

कोपऱ्यात बसायचं, कोणी आलं की पदर घ्यायचा, गेलं की काढायचा. टीव्हीवर चादर टाकलेली. कामाला हात लावू देत नव्हते. सातव्या दिवशी मी पहिलं पान उघडलं. म्हशीचं चित्र होतं म्हणून उघडलं असेल.

गोष्ट काही मोठी नाही. सातारा बाजूच्या गावात जनावरांचा डॉक्टर बदलून येतो. तो म्हशीला घाबरतो. हे कोणाला सांगता येत नाही, कारण सरकारी नोकरी आहे. त्या गावात एका मुलीची डेअरी आहे. तिची महाराणी नावाची म्हैस आहे. पहिल्या दहा पानांत कळतं की या दोघांचं लग्न होणार आहे आणि पुस्तकात कोणाचंही काही वाईट होणार नाही. मला ते बरं वाटलं. पुढचं पान उलटायला भीती वाटत नव्हती.

आठव्या दिवशी मी जे वाचत होते ते असं. महाराणी डॉक्टरच्या मागे लागते. तो पळत पळत एका घरात शिरतो. तिथे त्याच मुलीला पाहायला पाहुणे आलेले असतात. हा धापा टाकत पाहुण्यांच्या रांगेत बसतो. मुलीचा काका त्यालाच मुलगा समजून विचारतो, पगार किती, शेती किती, व्यसन आहे का. दारात म्हैस उभी असते, म्हणून हा सगळ्याची खरी उत्तरं देतो. पोहे खातो. काकाला मुलगा पसंत पडतो. खरा मुलगा शेजारीच बसलेला असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

लिहिताना त्यात काही विशेष वाटत नाही. वाचताना मला थांबता आलं नाही.

एक गोष्ट लपवत नाही. हे आईंनाही कळलं आहे. मागच्या रविवारी दुपारी मी वाचत होते. त्या खाटेवरून म्हणाल्या, "काय वाचून राहिली वं?"

"पुस्तक आहे."

"पुस्तक आहे ते दिसतं मले. आंधळी नाही मी. काय आहे त्याच्यात?"

"एक डॉक्टर आहे. ढोरांचा."

"मग वाच की मोठ्यानं. एकटी काय गिळते?"

मी वाचलं. महाराणी मागे लागते तिथे त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "म्हैस अशी मागं लागत नाही. लिहिणाऱ्यानं म्हैस पाळेल नाही दिसत." मी म्हटलं, नसेल. "शिंगं खाली घालते ती आधी. मग माणसानं आडवं पळायचं. हा येडा सरळ पळतो." मग पुढचं ऐकलं. काका पगार विचारतो तिथे त्या हसल्या. तोंडावर हात धरून, पण हसल्या. नंतर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी पुस्तक ठेवून दिलं. संध्याकाळी दिवा लावताना त्यांनीच विचारलं, "मग देली का पोरगी त्याले?"

तेव्हापासून रोज एक प्रकरण वाचते. जिथे डॉक्टर आणि ती मुलगी एकटे असतात ते मी गाळते. आईंना ते कळतं. "पान तर लई लवकर उलटलं आज," म्हणतात.

तुमची वाट पाहतात.

तृप्ती


दापोरा
१५ एप्रिल २०२५

हिमानीताई,

काल तुम्ही आईंना फोन केलात. मी स्वयंपाकघरात होते. तुमचा आवाज तिथपर्यंत येत होता.

शेजारच्या आशाबाईंनी फोपनारला सांगितलं की तुमच्या भावाच्या, ललितच्या घरात सासू-सुना दुपारची दारं लावून हसतात. फोपनारवरून ते तुमच्याकडे आलं. आशाबाई खोटं बोललेल्या नाहीत. दार आम्ही उन्हामुळे लावतो, एवढाच फरक.

तुम्ही म्हणालात, वहिनी स्वतः तर हसली, आता माझ्या आईलाही तिने तसंच केलं. आई तुम्हाला काय म्हणाल्या ते तुम्हाला माहीत आहे. "माझा पोरगा गेला ते मले तू नको शिकवू." त्यानंतर तुम्ही फोन ठेवलात आणि त्या जेवल्या नाहीत.

हे माझ्यामुळे झालं. वाचायला मी बसले. आईंना दोष देऊ नका. त्या रोज पहाटे अंगणात रडतात. मी जागी असते, त्यांना ते माहीत नाही. दुपारी अर्धा तास त्या दुसऱ्याच्या घरातलं ऐकतात, म्हशीच्या चुका काढतात आणि मग गुडघ्याला तेल लावून घेतात. यात वाईट काय आहे ते मला शोधूनही सापडत नाही.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे, हे मला उशिरा कळलं. मी हसले त्याचा राग असेल. त्याहून जास्त याचा आहे की तुम्ही माझ्या गळ्यात पडून रडलात आणि मी तिथे नव्हते. तुम्हाला वाटलं दोघी रडतो आहोत. एकट्याच रडत होता. भाऊ एकच होता तुम्हाला. त्याबद्दल मला माफ करा. हसण्याबद्दल माफी मागता येत नाही, कारण ती खोटी होईल.

काल निरंजनराव बुऱ्हाणपूरला आले होते, मी कामावरून सुटताना मला रोपवाटिकेच्या फाटकाशी भेटले. सांगायला अवघडत होते. म्हणाले, "ती म्हणते, त्या घरात वहिनी समोर आली की मला ते पुस्तकच दिसतं. मी आईकडे आले तर पाण्याचा घोट उतरणार नाही." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही बोला तरी." मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले.

पुस्तक भारतीला परत दिलं आहे. दोन प्रकरणं राहिली होती. ती आईंना वाचून दाखवली नाहीत, मीही वाचली नाहीत. आई चिडल्या आहेत. "लगनाच्या तोंडावर आणून सोडलं," म्हणतात.

तृप्ती


दापोरा
२४ एप्रिल २०२५

हिमानीताई,

आज दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली सोपी आहे.

आखाजीच्या दिवशी मी घरी नसेन. सकाळी सहाच्या बसने रावेरला जाते, माझ्या भावाकडे, जितेंद्रकडे. संध्याकाळी उशिरा येईन किंवा दुसऱ्या दिवशी. तुम्ही निरंजनरावांना घेऊन या. नवी घागर आणून ठेवली आहे, न्हाणीजवळ भिजत घातली आहे. आंबे आणि खरबूज कौतिकभाऊ आणून देतील. पुरणाची डाळ मी आदल्या दिवशी निवडून ठेवते. घागर आईंच्या हातून भरा. मी समोर नसले म्हणजे पाण्याचं तुम्हाला अडणार नाही. आईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्या नाही म्हणतील.

बायकोने पहिल्या घागरीला घरी असायला हवं, हे मला माहीत आहे. पण आईंचा मुलगा गेला आणि लेक येत नाही, असं दोन्ही एकाच वर्षात नको. मी शेवटी बाहेरून आलेली आहे.

दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही.

तुमचे भाऊ घरात सगळ्यांना हसवायचे. तुम्हाला तर विचारायलाच नको. लग्नाला सोळा वर्षं झाली. ते रोज काहीतरी बोलायचे, नकला करायचे, व्यापाऱ्याची, सरपंचाची, माझ्या भावाची. सगळे हसायचे. मी मान खाली घालायची. हसू यायचं, पण ओठांच्या आत राहायचं. आमच्याकडे मुलींनी दात दाखवायचे नाहीत असं होतं. मग सवयच गेली. ते पाहुण्यांना म्हणायचे, "हिले हसवून दाखवा, केळीचा घड बक्षीस." कोणाला तो घड मिळाला नाही. शेवटच्या वर्षात त्यांनी प्रयत्न करणं कमी केलं होतं. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी काही बोलले नाही.

आणि ते गेल्यावर आठव्या दिवशी मी एका म्हशीवर खांदे हलेपर्यंत हसले.

तुम्ही मला जे म्हणालात त्याचा मला राग आला नाही, कारण मी मला त्याहून जास्त म्हटलं होतं. तुम्हाला वाटतं, ते नसताना मी हसले. मला त्रास होतो तो हा की ते असताना मी हसले नाही. ते पुस्तक त्यांना वाचून दाखवलं असतं तर त्यांनी डॉक्टरची नक्कल केली असती. ती कशी केली असती हे मला दिसतं. मग मला पुन्हा हसू येतं.

हे वाचून उत्तर देण्याची गरज नाही.

तृप्ती


दापोरा
२ मे २०२५

हिमानीताई,

तुम्ही परवा संध्याकाळी गेलात. घरी बोलण्यासारखं काही बोललो नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

त्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे सहाच्या बसने गेले. रावेरला पोचून चहा घेतला. जितेंद्रने विचारलं, "आज कशी आलीस?" मी म्हटलं, सहज. नऊ वाजता आईंच्या नंबरवरून फोन आला. मला वाटलं आई. तुम्ही होता.

"कुठं आहात तुम्ही?"

मी म्हटलं, पत्रात लिहिलं होतं.

"पत्र गेलं खड्ड्यात! माझ्या भावाची पहिली घागर अन् त्याची बायको भावाकडे चहा पिते? आशाबाई दारात उभी राहून विचारते, सून कायमची गेली का म्हणून. काय सांगू मी तिले? आई चुलीकडे पाठ करून बसली आहे. पुरणाले कोणी हात लावत नाही. निरंजन मले म्हणतो, तू घालवलं तिले. मी घालवलं? मी म्हटलं का तुम्हाले, जा म्हणून?"

मी म्हटलं, तुम्हाला पाणी उतरणार नाही म्हणून.

"पाण्याचं माझं मी पाहीन! तुम्हाले एवढं लिहिता येतं, चार-चार पानं, अन् तोंडानं एक शब्द नाही निघत? सोळा वर्षं मी पाहून राहिली. दादा गेला, तरी तशाच. मी काय भिंत आहे, पत्र चिकटवायले?"

हे बराच वेळ चाललं. जितेंद्रची बायको दारात येऊन उभी राहिली, कारण तुमचा आवाज तिलाही ऐकू येत होता. मी ऐकत होते. तीन महिने सगळे माझ्याशी हळू बोलत होते. आजारी माणसाशी बोलतात तसे. रोपवाटिकेतही मी गेले की बोलणं थांबायचं. तुम्ही ओरडत होता आणि मला कितीतरी दिवसांनी घरच्यासारखं वाटलं. हे तुम्हाला विचित्र वाटेल.

शेवटी तुम्ही विचारलंत, "बाराच्या आत येता की नाही?" मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं.

जितेंद्रने मोटरसायकलवर आणून सोडलं. तुम्ही दारात होता. माझ्याकडे पाहिलं नाहीत. "हातपाय धुवा, पुरण वाटायचं आहे," एवढं म्हणालात. घागर आपण तिघींनी भरली. आईंनी काठ धरला, तुम्ही खालून आधार दिलात आणि मी वरून पाणी ओतलं. त्यांचं नाव आईंनी घेतलं. त्या वेळी मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

तुम्ही पाणी प्यालात की नाही ते मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. रात्री आईंनी सांगितलं, "दोन तांबे प्याली. मी मोजले."

दुपारी आई तुम्हाला डॉक्टरची गोष्ट सांगू लागल्या. तुम्ही म्हणालात, "मले नको सांगू ते," आणि भांडी घेऊन मोरीवर गेलात. आई थांबल्या नाहीत. त्या सगळं चुकीचं सांगत होत्या. डॉक्टरला त्यांनी आपल्या दापोऱ्यात आणून बसवलं होतं आणि महाराणी गावातल्या दगाभाऊंची म्हैस झाली होती. काका पगार विचारतो तिथे पोचल्या, तेव्हा मोरीवर भांड्यांचा आवाज बंद झाला. मग तुम्ही तिथूनच ओरडून विचारलंत, "अन् खरा पोरगा कुठं होता मग?"

"बाजूले बसला होता, येडा!"

"त्यानं काहीच नाही म्हटलं?"

"पोहे खाऊन राहिला तो!"

तुम्ही हसलात की नाही, ते भांड्यांमुळे ऐकू आलं नाही. मी विचारणार नाही.

तुमचा राग गेला असं मी धरून चाललेले नाही. निघताना तुम्ही मला वाकून नमस्कार केला नाहीत, आणि मीही थांबले नाही. पण पुढच्या वेळी फोन केलात तर मी उचलीन आणि काहीतरी बोलेन. आधी ठरवून ठेवीन काय बोलायचं ते.

आणखी एक. भारतीने विचारलं आहे, त्याच लेखिकेचं दुसरं पुस्तक हवं का. यात लग्नातला बँडवाला आहे म्हणे, आणि पहिल्या दहा पानांत कळतं की सगळं नीट होणार आहे. मी हो म्हटलं आहे. सोमवारी आणणार. घरात आणि मोठ्याने वाचणार, आशाबाईंना ऐकू गेलं तरी चालेल.

तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून आधी कळवते.

तृप्ती